मंगळवारचे पोहे

"दुखत नसतं तेव्हासुद्धा मी दुखण्याची वाट बघत असते," अबोली एकदा म्हणाली होती. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

डोक्याची डावी बाजू आधी जड व्हायची, मग डोळ्यामागे कोणीतरी ठोकत बसायचं. वर्गात ती दाराजवळचा बाक मागून घ्यायची, मळमळलं तर बाहेर पळता यावं म्हणून. मैत्रिणींना ती कशालाच नक्की हो म्हणायची नाही, आणि हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. रोज सकाळी उंबऱ्यावर थांबून ती आईला, पद्मजाला, सांगायची, "दुखलं तर शाळेतून फोन करते." पद्मजा मग दिवसभर फोनच्या आसपास वावरायची.

वडील राजीव सरकारी नोकरी सोडून एका परदेशी कंपनीत लागले होते. दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून ते गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये आले. समोर मोहरीचं शेत, शेजारी अर्धवट टॉवर, आणि दिवसभर संगमरवर कापणारं यंत्र. शाळा मात्र दिल्लीतलीच राहिली. बस अंधारातच यायची.

डोळे तपासून झाले, चष्मा लागला नाही. रविवारी सहसा दुखत नसे, म्हणून राजीव म्हणायचे, "हिचं डोकं अजून सरकारी आहे, रविवारी सुट्टी घेतं." अबोलीही हसायची. पण दहावीत तिची हजेरी इतकी घटली की यंदा परीक्षा नको, पुढल्या वर्षी बसवू, असं घरात बोललं जाऊ लागलं. मैत्रिणी पुढे जाणार आणि आपण त्याच वर्गात, हे तिला दुखण्याहून कठीण वाटत होतं.

पद्मजाने गणपतीला बोलून ठेवलं होतं की दहावी पार पडेपर्यंत मायलेकी संकष्टी करतील. नुसती संकष्टी पुरेना, तेव्हा मंगळवारही धरले. साबुदाण्याची सवलत नव्हती. दिवसा नुसतं दूध. संकष्टीला चंद्रोदयानंतरच जेवण, आणि थंडीत धुक्यामुळे चंद्र दिसायचाच नाही. पंचांगातली वेळ टळून गेली तरी पद्मजा गच्चीवर थांबायची. मंगळवारी दुखणं हटकून यायचं. आपलंच काही चुकतंय असं वाटून पद्मजा उपास आणखी कडक करायची.

परीक्षेचा निर्णय करायचा म्हणून दोघी जुन्या वसाहतीतल्या डॉक्टर कौशल्या यांच्याकडे गेल्या. अबोलीला लहानपणापासून त्याच बघत होत्या. तपासून झाल्यावर त्यांनी अबोलीला विचारलं, "आज सुबह क्या खाया?"

अबोली आईकडे बघत राहिली. पद्मजाने सांगितलं, आज मंगळवार, हिचा उपास आहे.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. ही अर्धशिशी आहे. नाटक नाही, कुणाचा कोपही नाही. पोट रिकामं राहिलं, झोप अपुरी पडली की ती उठते. पूर्ण जाईलच असं नाही, पण वेळेवर खाणं, झोप आणि लागेल तेव्हा गोळी, एवढ्यावर पुष्कळ कमी होईल. वर्ष वाया घालवायचं काही कारण नाही.

परतताना रिक्षात अबोली म्हणाली, "आई, मला माहीत होतं. मंगळवारी जास्तच व्हायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पण उपाशी असायचीस ना. माझ्यासाठी."

पद्मजाने तिचा हात धरला आणि गुडगाव येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर उपास पद्मजाने एकटीने धरले. अबोलीचं दुखणं विरळ झालं, पण आलं की तसंच यायचं. परीक्षेला ती यंदाच बसली, आणि गणिताचा पेपर नेमका मंगळवारी आला. नवस दोघींचा होता, लेकीकडून तो मोडला होता, आणि देवाने ते नेमकं उद्या मनावर घेतलं तर, ही धास्ती पद्मजाला रात्रभर होती. तरी पहाटे उठून तिने कांदेपोहे केले. बशी पुढे ठेवली. अबोली आधी देवघराकडे आणि मग आईकडे बघू लागली.

"देवाला मी सांगीन," पद्मजा म्हणाली. "तू खा."

राजीव वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आणि देव नाही म्हणाला, तर ती बशी इकडे."

अबोलीने बशी सावकाश संपवली, खोबऱ्याचा कीससुद्धा उरला नाही. दफ्तर घेतलं, बूट घातले. पद्मजा नेहमीचं 'दुखलं तर फोन करते' ऐकायला दारापाशी येऊन उभी राहिली. अबोली उंबऱ्यावर न थांबता, फोनचं नाव न काढता, जिना उतरून गेली.