लांब बोलणाऱ्या बायांचे ठसे

माझ्या लायब्ररीच्या पहिल्या पानावर एक वाक्य होतं: 'या लायब्ररीने आजवर एकही चुकीचा ठसा दिलेला नाही.' ते मी काढून टाकलं. का काढलं, ते तिथे इंग्रजीत चार ओळींत लिहिलं आहे. पण मानोऱ्याकडच्या तांड्यावरची अंगणवाडीताई त्या चार ओळींत मावत नाही, म्हणून हे मराठीत लिहायला बसलो.

लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे. इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये आयता वापरता यावा असा कोड. माझा कोड हॅशिंगचा आहे, सर्वांसाठी खुला, फुकट. त्याला कुठलीही फाइल द्या, तो ती दळतो आणि शेवटी आकडे-अक्षरांची एक ओळ बाहेर काढतो. फाइल एका वाक्याची असो की दोन तासांच्या बोलण्याची, त्या ओळीची लांबी तेवढीच. फाइलमधला एक स्वल्पविराम हलवा, सगळी ओळ पालटते. ओळीवरून फाइल मात्र परत मिळत नाही. मी तिला ठसा म्हणतो. माणसाच्या अंगठ्याचा असतो तसा फाइलचा.

अकोल्याला नोकरीत असताना मी हा कोड लिहिला आणि निवृत्त होऊन इंझोरीला आलो तरी सुटला नाही. मला याचं अजून नवल वाटतं. आत काही जादू नाही. बेरजा आहेत, आकडे सरकवणं आहे, उलटंपालटं करणं आहे. चौथीतल्या पोराला समजावता येईल असं एकेक पाऊल. आणि त्यातून बाहेर येतं ते कुणालाच आधी सांगता येत नाही. एकदा मी 'भेंडी' या शब्दाचा ठसा कागदावर हाताने काढायला बसलो. दुपारपर्यंत पाठकोरे कागद संपले आणि बेरजेत कुठेतरी चूक झाली ती सापडेना. बायको डोकावली.

"भेंडी आनाची होती वो, लिहाची नव्हती."

"एक अक्षर बदललं तर काय होते ते पाहून राह्यलो."

"बाजार उठते. अजून काय होते?"

तर रोज सकाळी मी या लायब्ररीची आवराआवर करतो. एकाच कामाची दोन फंक्शनं, म्हणजे कोडाचे तुकडे, झाली असली तर एक ठेवायचं. नावं धड करायची. कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या नव्या कंपायलरच्या कुरकुरी मिटवायच्या. प्रत्येक बदलाबरोबर एक ओळीची नोंद लिहायची, म्हणजे जगात कुठेही बसलेल्या माणसाला कळतं की आज यात काय हललं.

दोन वर्षांपूर्वी अशीच आवराआवर करताना मला एक चूक सापडली. ठसा काढताना शेवटी फाइलची लांबीही त्यात मिसळावी लागते. ती लांबी मोजणाऱ्या आकड्याला मी जागा तोकडी ठेवली होती. जुन्या मोटारसायकलचा किलोमीटरचा मीटर भरला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो, तसं त्याचं होत होतं. लहान फाइलना काही फरक पडत नव्हता. फाइल फार मोठी झाली की आकडा भरून शून्यावर यायचा आणि ठसा चुकायचा. गंमत अशी की तो दर वेळी सारखाच चुकायचा. म्हणजे दोन्हीकडे माझाच जुना कोड असेल तर दोन्हीकडचा चुकीचा ठसा एकमेकांशी बरोबर जुळायचा. एवढी वर्षं कुणाला कळलं नाही ते त्यामुळेच.

मी जागा वाढवली. एका ओळीचं काम. आणि नोंद लिहिली: 'साफसफाई. वागणुकीत बदल नाही.'

हे खोटं होतं. लिहिताना मला ठाऊक होतं. पहिल्या पानावरच्या त्या वाक्याचा मला फार अभिमान होता. शिवाय मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या फाइलचा ठसा कोण काढायला बसलंय?

ती अंगणवाडीताई बसली होती. आणि तिला ते मीच शिकवलं होतं.

तांड्यावरच्या म्हाताऱ्यांची गाणी, लग्नातलं रडणं, जुन्या वाटांच्या आठवणी ती एका शहरातल्या संस्थेसाठी रेकॉर्ड करत होती. चाळिशीची, बोलायला धीट, लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला जाऊन आलेली. संस्थेने तिला रेकॉर्डर आणि लॅपटॉप दिला होता आणि एक अट घातली होती: रेकॉर्डिंग झालं की त्याचा ठसा लगेच पाठवायचा, म्हणजे पुढे कुणी काही कापलं-जोडलं तर कळेल. ठसा काढायचा प्रोग्रॅम मीच तिला टाकून दिला, ती चूक सापडायच्या आधी. तोही फुकट, आणि वर अर्धा तास भाषण. ठसे त्याच दिवशी फोनवरून जायचे. फाइली मात्र सगळ्या एकदम, डिस्कवर, मागाहून गेल्या.

गेल्या श्रावणात ती माझ्या दारात उभी राहिली. चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली.

"काकाजी, तुमचं मशीन खोटं बोलून राह्यलं का मी?"

संस्थेने डिस्कवरच्या सगळ्या फाइली तपासल्या होत्या. बऱ्याच जुळल्या, काही जुळल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, हिने ठसा पाठवल्यावर रेकॉर्डिंगमध्ये फेरफार केला. काम थांबवलं होतं, संग्रहावर तिचं नाव घालणार नव्हते. ते एक वेळ तिने सोसलं असतं. पण बातमी तांड्यावर पोचली होती.

"बाया म्हनतात, आमचं बोलनं काटलं हिनं. एकीनं तं दार लावून घेतलं मले पाहून. आता मी कोनाच्या घरी जाऊन बसू?"

"तू काही कापलं का?"

"मी कायले कापू? आन् ऐका ना, माह्या लॅपटॉपवर तं जुळते. दोन-तीन लावून पायल्या. त्यायच्याकडंच काहून नाई जुळत?"

त्या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "तुझ्याकडे जुना प्रोग्रॅम आहे. थांब, नवा टाकतो." आणि टाकला. ती बघत होती. तिने तीच फाइल लावली, आणि आता ती तिच्या लॅपटॉपवरही जुळेना. तिच्याकडे होता नव्हता तो पुरावा मी चहा निवायच्या आत पुसून टाकला. वर म्हणालो, "ठसा चुकत नाही, बाई."

तिने लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली आणि गेली.

ती गेल्यावर मला चैन पडेना. पण ते पश्चात्तापाने नव्हे, कुतूहलाने. काही जुळतात, काही जुळत नाहीत, असं कशाने होईल? कुणी मुद्दाम बदलायचं ठरवलं तर कुठल्या बदलेल? संस्थेने तिला पाठवलेली सगळ्या फाइलींची यादी ती माझ्याकडेच ठेवून गेली होती, न जुळलेल्यांवर खूण केलेली. कुणाचं गाणं, कुणाचं बाळंतपण, कुणाचं भांडण. विषयात काही मेळ नव्हता. मग यादीतली लांबी पाहिली. पन्नास मिनिटांच्या आतल्या साऱ्या धड होत्या. ज्या बाया त्यापुढे बोलत राहिल्या, त्यांच्याच फाइली फसल्या होत्या. कमी बोलणाऱ्या सुटल्या, बडबड्या अडकल्या. मला आधी हसू आलं. मग आकडा भरून शून्यावर येतो ते आठवलं, आणि हसू गेलं. हिने ठसे माझ्या जुन्या कोडाने काढले होते, संस्थेने दुरुस्त कोडाने.

हे सगळं त्याच दुपारी कळलं. सांगितलं मात्र सोयाबीन निघाल्यावर. मधले दिवस मी काय केलं म्हणाल, तर लायब्ररी आवरली. इतकी कधी आवरली नव्हती. रोज काहीतरी नीटनेटकं करायचो आणि रोज तिच्याकडे जायचं उद्यावर ढकलायचो. वाटायचं, संस्था आपणच विसरेल. वाटायचं, ज्यांनी ज्यांनी हा कोड घेतला त्या सगळ्यांना आता काय सांगू?

शेवटी बायकोनेच विषय काढला.

"त्या तांड्यावरच्या बाईचं काय झालं?"

"काय व्हायचं?"

"ती बाजारात दिसली. मी हाक मारली तं पाहून न पायल्यावानी केलं. तुमी काई बोलले का तिले?"

मी सांगितलं. मीटर भरून शून्यावर येतो तिथपासून सगळं. तिने ऐकून घेतलं.

"म्हंजे चुकी तुमची, आन् चोर ती?"

"हो."

"मंग जेवून राह्यले काय? उठा."

उठायचं तर हातात काहीतरी घेऊन जायला हवं होतं. माझी चूक होती असं नुसतं म्हणून भागणार नव्हतं; काकाजी भला माणूस, बाईला पाठीशी घालतो, असं संस्थेला वाटलं असतं. तेव्हा लक्षात आलं की तिची रेकॉर्डिंग जशीच्या तशी आहेत हे आता एकच गोष्ट सिद्ध करू शकते, ती म्हणजे माझा चुकीचा कोड. त्याच्यातून त्या फाइली पुन्हा काढल्या आणि तिने पाठवलेलेच ठसे आले, तर आत एक अक्षरही हललेलं नाही. मी जुन्या नोंदींतून ती तोकडी जागा परत शोधून काढली आणि लायब्ररीत वेगळं फंक्शन करून ठेवली. नाव सरळ दिलं: 'जुना चुकीचा ठसा'. आयुष्यभर कचरा काढला; तो उचलून आणून नाव देऊन मांडून ठेवायची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावर गेलो. अंगणवाडीच्या ओट्यावर ती पोरांना उसळ वाढत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तिने पळी ठेवली नाही.

"कधीपासून मालूम होतं तुमाले?"

"तू आलीस त्याच दिवसापासून."

"वा," ती म्हणाली. "वा काकाजी." आणि शेवटच्या पोराला वाढून झाल्यावर लॅपटॉप आणला.

एकेक फाइल लावली. चार बाया येऊन बसल्या. त्यांना ठशाचं काही नव्हतं, स्वतःचा आवाज ऐकायचा होता. पहिली जुळली. दुसरी जुळली. "माही लाव, माही लाव," चाललं होतं. ताईचा चेहरा सैल होत गेला. मी तर प्रत्येक जुळणीला मान डोलवत होतो, जणू मीच काही पराक्रम केला.

आणि मग एक जुळली नाही.

पुन्हा लावली. नाहीच. इथे एक गोष्ट लिहायलाच हवी: माझ्या मनात आलेली पहिली भावना सुटकेची होती. म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो!

ताई खाली बघत होती. समोर बसलेली सगळ्यांत म्हातारी बाई, जिला ती याडी म्हणजे आई म्हणायची, तिने पदर तोंडावर घेतला.

"याडी, सांगू काय?"

"सांग ना. मीच सांगतलं होतं तुले."

म्हातारी बोलण्याच्या भरात सुनेला आईवरून शिव्या देऊन बसली होती. तिसऱ्या दिवशी तिला आठवलं की हे सगळं शहरात ऐकलं जाणार. तिने ताईचे हात धरले, ताईने तेवढं कापलं. ठसा त्याआधीच गेला होता. सून हे सगळं शेजारी बसून ऐकत होती.

"म्हंजे लय मोठ्या होत्या काय शिव्या?" सुनेने विचारलं.

"लहान असत्या तं कापल्या असत्या काय?"

बाया हसल्या. ताई हसली नाही. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "काकाजी, हेबी तुमच्या चुकीत टाका ना. एवढ्या टाकल्या, आन् एक. काय फरक पडते?"

मला ते करायचं होतं. तिचं देणं फिटल्यासारखं वाटलं असतं. पण होईना. माझं 'जुना चुकीचा ठसा' आता सर्वांसाठी खुलं होतं. कुणीही ती फाइल त्यात लावली असती आणि ही एक माझ्या चुकीत बसत नाही हे त्याला मिनिटात दिसलं असतं. मग बाकीच्यांवरही कुणी विश्वास ठेवला नसता. तिला हे समजावलं. "मंग लिहा," ती म्हणाली, "पन माहं मी सांगतो तसं लिहा."

तिथेच ओट्यावर संस्थेला लिहिलं. माझी चूक, ती कधी केली, कधी कळली, किती काळ लपवली. त्याखाली तिचं: एका बोलणारीने मागाहून विनंती केली म्हणून तिचे काही शब्द काढले, ते कळवायचे राहिले. शिव्या कुठल्या ते लिहू नका, असं म्हातारीने बजावलं. घरी येऊन मी लायब्ररीतही जाहीर केलं. कुठल्या कुठल्या देशांतून माणसांनी लिहिलं. एकाने वर्षभरात आपली डिस्क दोनदा बदलली होती, फाइली बिघडतात म्हणून. कुणी रागावलं, कुणी नाही.

संस्थेचं उत्तर यायला वेळ लागला. फाइली स्वीकारल्या, त्या एकीवर शेरा मारून, नाव घालणार, काम पुढे चालू करा. ते दाखवायला मी तांड्यावर गेलो. ऊसतोडी सुरू झाल्याने अर्धी घरं बंद होती. ताईने दोनदा वाचलं आणि फोन परत दिला.

"चालू करा म्हनते. कोनाले बसवू आता? ज्या राह्यल्या होत्या थ्या तिघीबी गेल्या टोळीसंगं, नातवंडं सांभाळाले. श्रावनातच त्यायचं रेकॉर्डिंग होनार होतं."

"परत येतीलच ना?"

"येतीन. पन एकीले दमा हाय, तिचं सांगता येत नाई."

तिने फोन काढला, टोळीतल्या कुणाला तरी लावला, त्याने तो पुढे नेऊन दिला. स्पीकर चालू करून तिने फोन ओट्यावर ठेवला आणि रेकॉर्डर त्याच्याशेजारी. पलीकडे ट्रॅक्टरची धडधड, पोरांचा गोंधळ, आणि त्यातून त्या तिघींपैकी एका म्हातारीचा खरखरीत आवाज.

"कोन पोरी? काय बोलू?"

"पयल्यापासून बोल, याडी. घाई नाई." ताईने बोट ओठांवर ठेवून मला गप्प बसवलं.

म्हातारी जन्मापासून सुरू झाली. मानोऱ्याची शेवटची बस गेली तेव्हा ती स्वतःच्या लग्नापर्यंतसुद्धा पोचली नव्हती.