जोडसायकलच्या पुढच्या सीटवर

साकोलीला हायवेच्या कडेला आमच्या कंपनीच्या दोन खोल्या आहेत. पुण्या-नाशिकची माणसं आमच्याकडे तीन-चार दिवसांसाठी येतात आणि तलावांच्या काठाकाठानं, जंगलाला लागून असलेल्या गावांतून सायकल चालवतात. मी त्यांना फारशी भेटत नसे. कोण मासे खातं, कुणाची उंची किती, पाण्याचे कॅन कुठं उतरवायचे, सानगडीच्या मावशींना किती माणसांचा भात टाकायला सांगायचा, हे माझं काम. रस्त्याचा कागदही मीच लिहायचे. 'डावीकडे तलाव, स्थलांतरित पक्षी, अर्धा तास विश्रांती.' सहा वर्षं खुर्चीत बसून लिहिलं.

त्या डिसेंबरात एक सर आणि त्यांची मोठी बहीण आली. सरांना दिसत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी आजारात दृष्टी गेली, पुढं ते शाळेत गाणं शिकवू लागले. त्यांच्यासाठी आमच्या मिस्त्रीमामांनी महिनाभर खपून दोन सायकली जोडून एक केली होती. पुढं बहीण बसणार, मागं सर पायडल मारणार.

पहिल्याच सकाळी बहिणीला ताप भरला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, झोपून राहायला सांगितलं. बाकीचे लोक निघायच्या तयारीत होते. सर ऑफिसच्या पायरीवर हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. "हरकत नाही, मी सामानाच्या टेम्पोत बसतो," ते म्हणाले. ते इतक्या सहज म्हणाले की मला बघवेना.

मिस्त्रीमामांचा गुडघा दुखरा, वाटाड्या सगळ्यांच्या पुढं हवा. मामांनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुमाले सायकल येते ना?"

"येते मामा. सानगडीहून कॉलेजले सायकलनंच येत होती मी. पण त्याले वीस वर्सं झाले."

"मंग काहून घाबरून राहिल्या? चाक तेच हाय, फक्त एक माणूस जास्त."

अंगणात चार फेऱ्या मारल्या. पहिल्या दोन वेळा आम्ही भिंतीकडंच गेलो. सरांनी एकच नियम सांगितला, "ताई, खड्डा आला, वळण आलं, थांबायचं असलं, की आधी बोला. मग मागचं मी सांभाळतो."

मी सलवारच्या पायाला रबर लावलं आणि निघाले. "खड्डा. उजवीकडे वळण. चढ आहे, सर." सुरुवातीला एवढंच बोलत होते. मग ते विचारू लागले. "हा चुरचुर आवाज कसला?" बांधावर कापलेल्या धानाचे ढीग, पुंजणे, रचून ठेवले होते, एका ठिकाणी मळणी चालू होती. "आणि हा धूर?" कुणीतरी घरापुढं पाणी तापवत होतं. मी लहानपणापासून पाहिलेल्या गोष्टी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते.

एका वळणावर बकऱ्यांचा कळप अचानक रस्त्यावर आला. मी ओरडायच्या आधीच ब्रेक दाबला आणि आम्ही दोघं सायकलसकट शेजारच्या धान कापलेल्या बांधीत. "सर! लागलं का? माझंच चुकलं, मी बोललेच नाही."

सर बसल्या जागी हसत होते. हातांनी आजूबाजूची रोपं चाचपत होते. "मऊ पडलोय. हे काय आहे?"

"लाखोळी, डाळीची. धान कापायच्या आधी त्यातच पेरतात. आता फुलावर आहे."

"रंग?"

"निळा."

"निळा मला आठवतो. कोणता निळा?"

एक फूल तोडून मी त्यांच्या हातात दिलं, स्वतःही एक जवळ धरून पाहिलं. "सर, शाईचा थेंब पाण्यात पडून पसरतो ना, तसा. कडेला फिका."

त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ ते फूल बोटांत धरून ठेवलं. बकऱ्यांमागून आलेल्या म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला उठवलं, सायकल रस्त्यावर चढवून दिली.

तलावावर पोचलो तेव्हा बाकीचे चहा पीत होते. "सांगा, काय दिसतंय?" सरांनी विचारलं. मी कागदावर पक्ष्यांची नावं लिहायचे खरं, पण समोर पाण्यावर हलणारं तपकिरी काय होतं ते मला ओळखू येईना. तसं मी कबूल केलं. तेवढ्यात थवा शीळ घालत उठला. सरांचा चेहरा वर गेला. "अडई! ताई, या अडई आहेत, शीळ घालणारी बदकं." मग त्यांनी मला आवाजावरून आणखी दोन पक्षी दाखवले.

संध्याकाळी परतलो तेव्हा बहिणीचा ताप उतरला होता. मी माफी मागण्याच्या तयारीत होते, पण त्या माझा हात धरून म्हणाल्या, "दिवसभर झोपले मी. हा बाहेर असताना अशी कधी झोपले नव्हते." आणि त्यांचे डोळे भरले.

दुसऱ्या दिवशीही बहिणीनं विश्रांती घेतली आणि पुढच्या सीटवर मीच बसले. तिसऱ्या दिवशी रस्ता छोटा होता. बहीण पुढच्या सीटकडं निघाली, तर सर म्हणाले, "आज तू एकटी चालव."

"आणि तू?"

"माझ्या पुढं ताई आहेत."

त्या थोड्या गोंधळल्या. मामांनी एक निळी सायकल काढून सीट खाली करून दिली. पहिला अर्धा किलोमीटर त्या सारख्या मागं वळून बघत होत्या. मग बघेनाशा झाल्या. उतार आला तशा घंटी वाजवत वळणाआड गेल्या.

"गेली का?" सरांनी मागून विचारलं.

"गेल्या सर. दिसत पण नाहीत."

"जाऊ दे," ते म्हणाले आणि पायडल हळू केलं. मीही केलं.

दोन किलोमीटर पुढं त्या मोहाच्या झाडाखाली उभ्या होत्या. केस सुटलेले, गाल उन्हानं लाल, ओढणीत कुणीतरी दिलेल्या पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा. आम्हाला पाहून लांबूनच ओरडल्या, "किती हळू येता रे तुम्ही!"