आधी हात दाखव

काकू माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी हात. शिकायला म्हणून घरी आलेल्या मुलीला ‘कशी आहेस’ विचारायच्या आधी त्या तिचं मनगट धरायच्या, बाही कोपरापर्यंत सारायच्या आणि हात उजेडाकडे वळवायच्या. त्या लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीत आमच्या समोर राहायला आल्या तेव्हा गल्लीतल्या बायकांना वाटलं, या भविष्य सांगतात. एकदोघींनी तळहात पुढे केलेसुद्धा. काकूंनी ते उलटे केले. तळहातावरच्या रेषांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्या शोधायच्या भाजल्याचा डाग.

आलमबागला सुटकेसच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, हवाई सुंदरी घडवणारा एक क्लास आहे. तिथे काकू मुलींना ‘दिसायला’ शिकवायच्या. अंबाडा कसा बांधायचा, त्याची जाळी कशी दिसू द्यायची नाही, स्कर्टमध्ये बसताना गुडघे कुठे ठेवायचे, लिपस्टिकचा कुठला रंग कुठल्या कंपनीला चालतो. उन्नाव, बाराबंकीहून बसने येणाऱ्या मुली त्यांना ‘हाथवाली मैम’ म्हणत. आम्ही काकू म्हणायचो, कारण त्यांचे यजमान आणि आमचे बाबा रेल्वेच्या एकाच ऑफिसात इंजिनियर, दोघांचीही घरं मूळची अमरावतीची. माझी धाकटी बहीण मीनू त्यांच्या क्लासला जायची. मी एका महिला संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, चौकात उभी राहून वाटते. मला काकू आवडायच्या आणि त्यांचं काम अजिबात आवडायचं नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “बरं. पण आधी पाय पूस, आत चिखल आणलास.”

त्यांचा वर्ग बघण्यासारखा असे. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, म्हणजे विमान. मुलीच्या हातात ट्रे, ट्रेमध्ये पाण्याने काठोकाठ भरलेले स्टीलचे पेले. ती निम्म्या वाटेवर आली की काकू मागून “खड्डा!” म्हणत तिच्या खांद्याला धक्का द्यायच्या. पाणी सांडलं की परत पहिल्या खुर्चीपासून. एकदा एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, “मैम, आसमान में गड्ढे कहाँ होते हैं?” काकू म्हणाल्या, “बेटा, आलमबाग से ज़्यादा होते हैं.” सगळा वर्ग हसला, तीही हसली, आणि पुढच्या खेपेला तिने एक थेंब सांडू दिला नाही.

त्यांचं एक म्हणणं मुलींना पाठ होतं. प्रवासी वर बघत नाही. तो मोबाइलमध्ये असतो. त्याला तुमचा चेहरा दिसतच नाही, त्याला दिसतो पाणी पुढे करणारा हात. म्हणून मनगटापासून कोपरापर्यंत कातडी कोरी हवी. निवडीच्या वेळी ती तपासतात. गणवेशात जेवढं अंग दिसतं तेवढ्यावर डाग, भाजलेलं, गोंदलेलं काही चालत नाही. असला की बाहेर.

आता आपल्याकडच्या मुलीच्या हातावर डाग कुठून येतो? कढईतून. म्हणून क्लासमध्ये नवी मुलगी आली की काकू पहिल्या आठवड्यात तिच्या घरी जायच्या, बैठकीत न थांबता थेट स्वयंपाकघरात शिरायच्या आणि तिच्या आईला सांगायच्या, “बहनजी, निवड होईपर्यंत ही गॅसपाशी उभी राहणार नाही. तळण तर नाहीच.” बायका बावचळायच्या. लेकीला स्वयंपाक येत नाही ही तक्रार त्यांनी ऐकली होती, येऊ देऊ नका ही पहिल्यांदाच ऐकत होत्या. एका आईने विचारलं, “और शादी?” काकू म्हणाल्या, “शादी में हाथ कौन देखता है, वहाँ तो काम देखते हैं.” आमच्या घरीही त्या आल्या. मीनूने आनंदाने लाटणं खाली ठेवलं ते ठेवलंच. पोळ्या आई करायची, तळण आई करायची. मी बाहेर असायचे, किंवा घरात असले तर लिहीत असायचे.

काकू स्वतः जूनच्या उन्हातही मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालायच्या. लखनौच्या जूनमध्ये. मला वाटायचं, जुन्या काळच्या बाई, लाज. एकदा मी नियमांवरून वाद घालत होते तेव्हा त्यांनी उजवी बाही वर केली. कोपराच्या खाली पानाच्या आकाराचा जुना, चकाकणारा डाग होता. चार वर्षं त्या विमानात होत्या, साडीच्या गणवेशात. चार मिनिटांत नेसायच्या. लग्नानंतरची पहिली दिवाळी, सासरी चकल्या तळायला बसवलं, सोऱ्या निसटला. दिवाळीनंतर त्या कामावर गेल्या तर तपासणीत हात बघून आधी जमिनीवरच्या कामाला लावलं, मग तिथूनही कमी केलं.

मी भडकले. “हा नियम केला कुणी?”

“ज्यांना तळावं लागत नाही, त्यांनी,” काकू म्हणाल्या आणि बाही खाली ओढून बटण लावलं.

एवढं ज्यांना कळतं त्या बाईंनी तोच नियम मुलींच्या गळी का उतरवावा, हे मला समजत नव्हतं. मी पत्रक काढलं. ‘डाग हा गुन्हा नाही.’ हिंदीतून, ठळक अक्षरांत, क्लासच्या जिन्याखाली उभं राहून वाटलं. मुलींनी आदराने घेतलं. दुसऱ्या दिवशी वर गेले तर आरशापुढे एक मुलगी माझ्या पत्रकाची घडी ओठांत धरून जास्तीची लिपस्टिक टिपत होती. ‘गुन्हा नाही’ वर लाल ओठ उमटले होते. “दीदी, और हैं क्या?” ती म्हणाली. “काग़ज़ बहुत अच्छा है.” काकूंनी पत्रक वाचलं होतं. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की चौथ्या ओळीत मी फार ओरडले आहे आणि कडेला जागा सोडायला हवी होती.

एका गोष्टीत मात्र त्या माझ्याहून कडक होत्या. झाकाझाक चालणार नाही. डाग असेल तर क्लासमध्ये घेतानाच सांगायच्या, बेटा, यात तुझं होणार नाही, बँकेची परीक्षा दे. मेकअपचा थर देऊन कुणाला आत ढकललं नाही. निवडीला येणारे अधिकारी त्यांच्या मुलींचे हात जेमतेम बघत. हाथवाली मैमने पाठवली म्हणजे पाहिलेलीच आहे, असा लौकिक होता. दोन खोल्यांच्या त्या क्लासच्या दारात विमान कंपन्या येत त्या या लौकिकावर.

मीनू शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. पंधरा दिवसांनी हज़रतगंजच्या एका हॉटेलात तिला बोलावलं होतं. मधे गुढीपाडवा आला. बाबांच्या ऑफिसातली मराठी मंडळी आमच्याकडे जेवायला, श्रीखंड-पुरीचा बेत. आईचं मनगट आठवडाभर दुखत होतं. ती एकटी कढईपाशी उभी, आणि मीनू हात ओढणीत गुंडाळून खुर्चीवर. मी जेवणाच्या टेबलावर नव्या पत्रकांना घड्या घालत होते. मला ते दृश्य सहन होईना.

“आई एकटी तळतेय आणि तू राजकन्येसारखी बसून राहा,” मी म्हणाले.

“काकू ने मना किया है.”

“काकूंनी गुलामी मानली म्हणून तूही मान. दोन पुऱ्या तळल्या तर विमान कोसळणार आहे का? ऊठ.”

“यार दीदी...”

“ऊठ म्हटलं ना.”

आई म्हणाली, राहू दे गं, होतंय माझं. पण मीनू उठली. माझ्या बोलण्याला उत्तर सापडलं नाही की ती ऐकते, लहानपणापासूनची सवय. चौथी की पाचवी पुरी फुगता फुगता फुटली. उजव्या हातावर तीन ठिपके, चवळीच्या दाण्याएवढे. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती हाताकडे बघत राहिली.

नळाखाली हात धरलेला असतानाच काकू आल्या. गुढीसाठी साखरेच्या गाठी घेऊन आल्या होत्या. सवयीप्रमाणे आधी हात बघितले. गाठी ओट्यावर ठेवल्या आणि विचारलं, “कुणी लावलं तळायला?”

मी पंधरा हात अंतरावरून पोलिसाला सुनावणारी मुलगी आहे. माझ्या हातात घडी घालायचं पत्रक होतं. मी ती घडी पुरी केली.

“हम ख़ुद गए थे, काकू,” मीनू म्हणाली. “शौक़ चढ़ा था.”

काकूंनी कोरफड लावली, काय काय लावलं. दहा दिवसांत फोड गेले आणि तीन तपकिरी डाग पक्के बसले. मला वाटलं होतं, नेहमीप्रमाणे त्या सांगतील, बँकेची परीक्षा दे. मुलाखतीच्या सकाळी त्या आमच्या दारात उभ्या होत्या. हातात त्यांच्या उडायच्या काळातली पत्र्याची मेकअपची पेटी.

हॉटेलच्या स्वच्छतागृहात मी मीनूचा हात धरून उभी होते आणि काकू तिच्या डागांवर रंग चढवत होत्या. आधी पिवळसर, मग कातडीचा, मग पावडर, मग परत. बाजूच्या आरशांपुढे दहा-बारा मुली अंबाडे दाबत होत्या. रंग काठाबाहेर गेला, काकूंनी पुसून परत सुरुवात केली. एरवी चालत्या मेट्रोत त्या दुसऱ्याच्या डोळ्यात काजळ घालू शकत. मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं की हे माझ्यामुळे झालंय. मी म्हणाले, “काकू, दिसत नाहीये अजिबात.” त्या म्हणाल्या, “मला दिसतंय.”

पुढचं मीनूने सांगितलेलं. आतल्या बाईने हात बघितले नसते, पण क्लासचं नाव वाचून ती हसली, “अच्छा, हाथवाली मैम की,” आणि कौतुकाने मीनूचा हात हातात घेतला. बोटाला पावडर लागली. तिने ओला टिश्यू मागवला आणि अगदी हळू, दुखू नये अशा बेताने पुसलं. मग विचारलं, “बेटा, ये किसने किया?” बाहेर क्लासचं नाव पुकारून कुणी आलंय का विचारलं तेव्हा काकू स्वतः उठून आत गेल्या आणि म्हणाल्या, “मैंने.”

आठवडाभरात क्लासने काकूंना येऊ नका म्हणून सांगितलं. मी भांडायला गेले. क्लासचा मॅनेजर अदबीने चहा देऊन म्हणाला, मैम तो हमारी माँ जैसी हैं, लेकिन रूल कंपनी का है. मी कंपनीच्या हज़रतगंजच्या ऑफिसात गेले. तिथली मुलगी, तिचाही अंबाडा, तिचेही हात कोरे, म्हणाली, रूल ऊपर से आता है. वर म्हणजे कुठे, ते तिला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं नियमांविरुद्ध लिहितेय, पण प्रत्येक नियमाच्या मागे कुणीतरी बसलेलं असतं असं मी धरून चालले होते. इथे टेबलामागे टेबल होतं, आणि प्रत्येक टेबलावर सभ्य माणूस. कुणावर ओरडायचं तेच कळेना.

मी काकूंवर पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. छापूनही आणलं. काकूंनी उभ्या उभ्या वाचलं, या वेळी कडेला जागा नीट सोडलीस म्हणाल्या आणि गठ्ठा माझ्या हातात परत दिला. “हे वाटू नकोस. माझं नाव त्या क्लासशी जोडलेलं राहिलं तर त्या बाकीच्या पोरींनाही कुणी बोलावणार नाही. तुझं बरोबर आहे गं. पण तुझ्या बरोबर असण्यानं त्यांचं काय व्हायचं?” गठ्ठा अजून माझ्या पलंगाखाली आहे.

काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते. लखनौत ते राहिले होते काकूंच्या क्लाससाठी. आता कारण उरलं नाही, ते अमरावतीला परत निघाले. निघायच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. सामान गेलं होतं, भिंतीवर आरशाचा चौकोन तेवढा पांढरा राहिला होता. काकू पायरीवर बसल्या होत्या. मी घरून वाक्य तयार करून नेलं होतं, ते फार लांब झालं होतं.

“काकू, त्या दिवशी पाडव्याला मीनूला मी...”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “शौक चढला म्हणून कढईपाशी जाणारी पोर आहे का ती?”

मग त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत माझे हात त्यांनी कधी तपासले नव्हते. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते. त्यांनी बाही कोपरापर्यंत सारली, हात उजेडाकडे वळवला, उलटा केला, सुलटा केला. दुसराही बघितला. शिकवताना बघायच्या तसंच, सावकाश, अंगठा फिरवत. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला काही बोलता आलं असतं.

“एक डाग नाही,” काकू म्हणाल्या. “तुला घेतलं असतं.”