चार रंगांचं मशीन आणि मनोहररावांचे डोळे

छापखान्यात वाया गेलेला कागद कोणी फेकत नाही. कोपऱ्यात थप्पी लागते, मग त्यातून कोणी डब्याखाली घालायला नेतं, कोणी वहीला कव्हर घालायला. किश्श्यांचंही तसंच! जबलपूरच्या एका ऑफसेट प्रेसमध्ये मी बारा वर्षं कंप्युटरवर बसतो आहे. थप्पी फार उंच झाली, जरा उपसतो.

माणसं मोजकी. मालक शिरीषभाऊ. मशीनमन मनोहरराव, तीस वर्षं चार रंगांच्या मशीनवर. डिझायनर नेहा, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीतच येतं. आणि मी.

मध्यंतरी एका औषध कंपनीनं कळवलं, खोक्यांचं काम हवं असेल तर कलर स्टँडर्डचं सर्टिफिकेट आणा. म्हणजे आज छापलेला लाल आणि सहा महिन्यांनी छापलेला लाल एकच हवा, आणि तोही यंत्रानं मोजून. शिरीषभाऊंनी सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं, "सर्टिफिकेटच्या ऑडिटमध्ये जो नापास, तो कलरला हात लावणार नाही. मग तो कोणी का असेना!"

सगळ्यांनी मनोहररावांकडे पाहिलं. त्यांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती. नापास झाले तर ती दोन वर्षं मागच्या खोलीत, एका रंगाच्या मशीनवर बिलबुकं छापत काढायची. ते मशीन पुसत राहिले.

* * *

तयारी प्रोफाइलपासून सुरू झाली. हे मशीन, ही शाई, हा कागद, यावर कोणता रंग कसा उतरतो याची नोंद म्हणजे प्रोफाइल. त्यासाठी शेकडो रंगीत चौकोनांचा एक चार्ट जसा येईल तसा छापायचा आणि मोजायचा. बस.

मी मनोहररावांना बजावलं, "काका, एकदा मशीन लावलं की कशाला हात लावायचा नाही."

दोन दिवस मोजमाप केलं, प्रोफाइल बनवलं, छाती फुगवून पहिलं काम छापायला दिलं. भेडाघाटच्या एका हॉटेलचं ब्रोशर होतं. पांढरे संगमरवरी खडक चक्क जांभळट आले! मी पुन्हा मोजलं. पुन्हा जांभळट. तिसऱ्यांदा मोजल्यावर मला शंका आली.

"काका, चार्ट छापताना काही केलं होतं का?"

"जरा सुधारला होता."

"काहून?"

"अरे, किती घाण दिसून राहिला होता तो! असा माल माझ्या मशीनवरून बाहेर जाऊ देऊ काय?"

दुसऱ्यांदा चार्ट छापला तेव्हा मनोहररावांना मशीनपासून चार पावलं लांब उभं केलं होतं आणि शेजारी नेहा पहाऱ्याला होती. दर पाच मिनिटांनी तिचा आवाज यायचा, "काका, हाथ पीछे!"

* * *

मग लाइट बूथ आला. हे एक मोठं उघडं खोकं असतं, आत ठरावीक पांढरा प्रकाश. ट्यूबलाइटखाली रंग फसवतात, म्हणून प्रूफ यातच बघायचं.

शिरीषभाऊंच्या काकूंना याचा शोध चौथ्याच दिवशी लागला. दुकानातल्या दिव्याखाली मॅच झालेला ब्लाउजपीस घरी येऊन वेगळाच दिसतो, हे दुःख त्यांचं फार जुनं. दिवाळीच्या आधी त्या साडी घेऊन आल्या, मग त्यांची भिशी आली, मग भिशीच्या जावा-नणंदा. एका सकाळी सिमेंटवाल्यांचे मॅनेजर कॅलेंडरचं प्रूफ पास करायला आले, तर बूथपुढे सहा बायका.

काकू शांतपणे म्हणाल्या, "भैया, पाँच मिनट. पहले ये मोरपंखी निकल जाए."

मॅनेजर थांबले. एका मोरपंखीला त्यांनी स्वतः नापासही केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, कॅलेंडरचं काम नव्हतं. पिशवीत बायकोची साडी होती.

* * *

सिहोऱ्याचा एक मिठाईवाला मोबाइलवरच प्रूफ बघायचा आणि अडून बसायचा, "छपाई में पीलापन कम है!" तीनदा छापलं, तीनदा तेच. शेवटी नेहानं त्याचा फोन हातात घेतला. डोळ्यांना त्रास नको म्हणून त्यानं स्क्रीन पिवळसर करणारा मोड लावून ठेवला होता. तिनं तो बंद करून दाखवला, तरी गडी हटेना. "हमको तो वैसा ही पसंद है!"

नेहा म्हणाली, "ठीक है अंकल. फिर डिब्बे के साथ सबको अपना फ़ोन भी भेज दीजिए."

* * *

पनागरच्या बियाणेवाल्याला पाकिटावर मटारचा हिरवा हवा होता. कोणता हिरवा, हे सांगायला तो शेतातून ताज्या शेंगाच घेऊन आला. आम्ही त्या बूथमध्ये बशीत ठेवल्या, वर चिठ्ठी लावली, "सँपल. हात लावू नये."

दुपारी तो प्रूफ बघायला आला, तेव्हा बशीत फक्त सालं!

शिरीषभाऊ कडाडले, "स्टँडर्ड कोणी खाल्लं?"

मनोहरराव म्हणाले, "माझं नाव नका घेऊ. मी फक्त चार्ट बिघडवतो."

शिरीषभाऊ गिऱ्हाइकाची माफी मागायला लागले, तर तो सालांकडे बघून खूश. "मीठे थे न? बस, पाकिट देखकर भी यही मन होना चाहिए!" आणि प्रूफ पास करून गेला.

आता सांगायला हरकत नाही. मीच खाल्ले होते.

* * *

शेवटी ऑडिटचा दिवस उजाडला. ऑडिटर मॅडमनी मशीनवरचे कागद उचलले, मोजले. आकडे सगळे मर्यादेत. मी सुटकेचा निःश्वास सोडतोय तोच त्या म्हणाल्या, "अब आँखों का टेस्ट. कलर पर जिनकी हाँ-ना चलती है, सब बैठेंगे."

मनोहररावांचा चेहरा उतरला. आकडे यंत्राचे होते, डोळे त्यांचे होते. त्यांनी चष्मा दोनदा धुतला. मला फार वाईट वाटलं.

टेस्ट म्हणजे रंगीत गोट्यांची पेटी. एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणाऱ्या छटा क्रमानं लावायच्या. नेहाच्या दोन चुकल्या, माझ्या पाच. मनोहररावांनी खूप वेळ घेतला. एकही चुकली नाही!

मॅडमनी विचारलं, "और फ़ाइनल साइन कौन करता है?"

"मैं," म्हणत शिरीषभाऊ हसत टेस्टला बसले. पंचवीस वर्षं प्रत्येक कामाचा पहिला कागद त्यांनीच पास केलेला. कागद उचलायचा, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "मनोहरराव, लाल थोडा वाढवा." दुसरा कागद आला की "आता बरोबर!" आणि सही.

मॅडमनी त्यांच्या गोट्या तपासल्या. पुन्हा तपासल्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, आपको लाल और हरे में फ़र्क कम दिखता है. जन्म से होगा. साइन किसी और से करवाइए."

मशीन चालूच होतं. मॅडम रिपोर्ट लिहायला ऑफिसात गेल्या. शिरीषभाऊ मशीनपाशी आले.

"मनोहरराव, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं, भाऊ."

"केव्हापासून?"

"तुम्ही पहिली सही केली, त्या दिवसापासून."

"मग मी लाल वाढवा म्हणत होतो, तेव्हा तुम्ही काय करत होते?"

"शाईच्या चावीला हात लावत होतो. फिरवत नव्हतो."

शिरीषभाऊंनी समोरचा ताजा कागद उचलला, डोळे बारीक केले.

"लाल थोडा वाढवा."

मनोहररावांनी चावीला हात लावला आणि दुसरा कागद काढून पुढे धरला.

"आता बरोबर!" शिरीषभाऊ म्हणाले, आणि खिशातलं पेन काढून मनोहररावांच्या हातात दिलं.