मेमरी कमी निघाली तेव्हा

आमच्या यवतमाळच्या बँकेचे सर्व्हर सांभाळायला तो बंगळुरूहून यायचा. मूळचा फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा. नेटवर्क सांभाळणारं नवं सॉफ्टवेअर टाकण्याआधी तो मशीनलाच पुटपुटत विचारायचा, "मेमरी किती हाये तुले? जागा पुरते काय?" दरवेळी सगळं पुरेसं निघायचं आणि तो काम उरकून संध्याकाळीच बंगळुरूला परत जायचा; तांड्यावर मुक्काम कधी होत नसे.

यंदा मात्र मेमरी कमी निघाली. नवी दुसऱ्या दिवशी नागपूरहून येणार होती. मी दिलगिरी व्यक्त केली, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं आईला फोन लावला. त्याच्या बंजारा गोरबोलीतलं मला 'याडी', म्हणजे आई, एवढंच कळलं. मग त्यानं फोन ठेवला.

"काय म्हणतात आई?" मी विचारलं.

"विचारून राह्यली, आज तरी झोपाले थांबतं काय," तो म्हणाला आणि बूट घालू लागला.