मुशीचं कालवण आणि आजीचा प्रश्न

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं सुन्न झालंय. कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

बाळाच्या शीमध्ये रक्त येतं, म्हणून डॉक्टरांनी मला दूध, अंडी, मासे खायला बंदी केलीय. आज दिवाळे गावाहून नवऱ्याची आजी मुशी माशाचं कालवण घेऊन आली. मुशी खाल्ली की बाळंतिणीला भरपूर दूध येतं, असं आमच्याकडे मानतात. मी नको म्हटलं. "आजी, माझं दूध वाईट नाही. मी मासे खाल्ले की ते दुधातून बाळाला बाधतात."

आजीनं डबा ओट्यावर ठेवला. मग बोलायला लागली. तिची पहिली मुलगी साठच्या दशकातली. तिलाही असंच रक्त पडायचं. घरात आजीसाठी रोज मुशीच शिजायची. सासूनं ठरवलं, हिचं दूधच खराब. पोरीला अंगावरून तोडलं, बोंडल्यानं शेळीचं दूध पाजलं. पोर वाचली नाही.

"मंग माजा दूध चांगला व्हता का गो?" आजीनं विचारलं.

मी पटकन हो म्हटलं. वाटलं, तिला बरं वाटेल.

"मंग तिला माज्यापासून तोडली कशाला?"

डबा अजून ओट्यावर तसाच आहे. मी हो म्हणायला नको होतं का?