मामांचा द्राक्षमांडव

जिवंत माणसाच्या घरी मी एकदा समाचाराला गेलो. माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा, सोलापुरातल्या एका गिरणीत मुकादमी करून म्हातारे झालेले. उद्याचा दिवस आपल्याच घरी मुक्कामाला आहे, अशा खात्रीने जगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. पण त्या उन्हाळ्यात ते आजारी पडले ते भिंतीकडे तोंड करूनच. डॉक्टरांनी छातीचा भरवसा नाही म्हणून सांगितलेले. अशात एका सकाळी त्यांच्या गल्लीत दोघे जण वेळू, काथ्याची दोरी आणि कोरे मडके घेऊन शिरताना दिसले. पुढचे विचारायची मला गरज वाटली नाही. डोक्याला पंचा गुंडाळून, चेहरा पाडून मी थेट परसात शिरलो, तर मामा बाजेवर बसून वेळू कुठे रोवायचे ते सांगत होते.

"या जावईबापू," पंच्याकडे बघत ते म्हणाले, "कोण गेलं म्हणायचं?"

"कुणी नाही. सहजच आलो."

"मग ह्यो वेळू धरा की जरा."

नाशकाकडच्या सोयऱ्याने द्राक्षाची काडी धाडली होती. वेल वीतभर आणि मांडव सबंध परसावर! मडके बुडाला भोक पाडून, पाणी झिरपत राहावे म्हणून मुळाशी पुरायचे होते. तेवढ्याने भागेना, म्हणून मामा वेलीजवळ पाट मांडून आंघोळ करू लागले आणि पाहुण्यांनाही पाय धुवायला तिकडेच पिटाळू लागले. मला तर घरून आंघोळ करून यायची बंदीच होती. पहिले पान फुटले त्याच दिवशी त्यांनी शेजारच्या पोरांना द्राक्षे चोरल्याबद्दल आगाऊ दम भरला.

"फळ धरेल का हो?" मी एकदा मामींना हळूच विचारले. मामा तोवर राहतील का, हे मला खरे विचारायचे होते, आणि तेवढे मामींना कळले.

"न धरंना का," त्या म्हणाल्या. "भिंतीकडं तोंड करून निजत न्हाईत आता. मला लई झालं."

दोन वर्षांनी एक घड धरला. तोवर मामांना मोरीपर्यंत जातानाही दम लागे. त्यांनी एक द्राक्ष तोंडात टाकले, डोळे मिटून बराच वेळ घोळवले. मीही एक खाल्ले, कैरी बरी. "पुढल्या साली साखर उतरतीया," मामा म्हणाले, आणि छाटणी कुठून धरायची ते बोलत राहिले. मामी दुसरीकडे बघत होत्या.

निघताना मामींनी ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काडी माझ्यापुढे धरली. मी नुकताच चाळिशीत शिरलो होतो. "आता या वयात कशाला, मामी? फळ धरेपर्यंत कोण थांबतंय?"

मामांनी मामींच्या हातातून काडी काढून घेतली.

"ह्यांना नको. एखाद्या तरण्या माणसाला दिऊ."